त्रेसष्ट आकडे आणि एक विसरलेली फाइल

माझ्याकडे एक जुना फिल्म स्कॅनर आहे. निगेटिव्हची पट्टी त्याच्या तोंडात सरकवायची, की तो घरघर करत एकेक चौकट वाचत जातो. यंत्र अजून ठणठणीत आहे, पण त्याचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं आणि माझ्या कॉम्प्युटरवर कित्येक वर्षांपासून लिनक्स आहे. बाबांनी काढलेल्या निगेटिव्हचे दोन डबे कपाटात पडून होते. त्यांच्यासाठी दुसरा कॉम्प्युटर घ्यायचा, की आहे त्यातच विंडोजचं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला कॉम्प्युटरच्या पोटातला कॉम्प्युटर, उभं करायचं? मी दुसरा मार्ग धरला. मशीन उभं करायला एक संध्याकाळ पुरली. त्यातलं विंडोज रीतसर आपलं करून घ्यायला मात्र बरेच महिने गेले, आणि त्यातला निम्मा घोळ माझा स्वतःचा होता.

सुरुवात फुकटात केली. विंडोज ११ एंटरप्राइझची ९० दिवसांची चाचणी आवृत्ती मिळते, ती उतरवून घेतली. होस्टवर, म्हणजे माझ्या खऱ्या कॉम्प्युटरवर, व्हर्च्युअल मशीन चालवणारे केव्हीएम आणि लिबव्हर्ट हे प्रोग्राम होतेच. गेस्टला, म्हणजे आतल्या मशीनला, ८ जीबी मेमरी आणि ६४ जीबीची डिस्क दिली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ची चिप, म्हणजे गुपितं जपणारी सुरक्षेची चिप, लागते. ती एसडब्ल्यूटीपीएम नावाचा प्रोग्राम खोटी-खोटी उभी करून देतो. स्कॅनरचा यूएसबी गेस्टकडे वळवला आणि पहिल्याच प्रयत्नात तो घरघरला. मी खूश.

नव्वद दिवसांत दोन डबे सहज होतील असा माझा हिशेब होता. एका पट्टीला पाऊण तास लागतो, हे हिशेब करताना माहीत नव्हतं. मुदत संपल्यावर ही आवृत्ती नुसती कुरकुर करून थांबत नाही, दर तासाला स्वतःहून बंद होते. पाऊण तासाची पट्टी आणि तासाभराचं विंडोज, असा आमचा संसार आठवडाभर चालला. मग वाटलं, आता प्रॉडक्ट की, म्हणजे लायसन्सची पंचवीस अक्षरांची किल्ली, विकत घेऊन यातच टाकावी. तसं होत नाही. चाचणीच्या एंटरप्राइझचं नुसती की टाकून पक्कं प्रो, म्हणजे दुकानात मिळणारी आवृत्ती, होत नाही, विंडोज नव्याने टाकावं लागतं. स्कॅनरच्या रंगांची सगळी सेटिंग्ज मी कागदावर उतरवून घेतली आणि मशीन पुसलं.

दुसऱ्या फेरीत एक मोह झाला. माझा लॅपटॉप विकत घेताना त्यावर विंडोज होतंच, मी ते काढून लिनक्स टाकलं होतं. म्हणजे एका विंडोजचे पैसे मी आधीच भरलेत की! विंडोज ८ पासून असं झालंय, की कंपनीने कॉम्प्युटरसोबत दिलेली की खालच्या स्टिकरवर नसते, ती मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्यात कायमच्या भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, एमएसडीएम नावाच्या तक्त्यात बसवलेली असते. लिनक्समधून तो तक्ता एका ओळीच्या आज्ञेने वाचता येतो. मी वाचला. शेवटी पंचवीस अक्षरं, पाच-पाचच्या पाच गटांत, समोर आली. आपल्याच घरात पुरून ठेवलेलं काहीतरी सापडावं तसं वाटलं.

मग करारनामा वाचला. तो कोणी वाचत नाही, मीही त्याआधी कधी वाचला नव्हता. यंत्रासोबत आलेलं लायसन्स त्या यंत्रापुरतंच असतं. आणि व्हर्च्युअल मशीन हे कराराच्या दृष्टीने वेगळं यंत्र आहे. एका लायसन्सवर एकच यंत्र, मग ते लोखंडाचं असो की नुसतं सॉफ्टवेअरमधलं. दुसरं व्हर्च्युअल मशीन हवं तर दुसरं लायसन्स. त्या लॅपटॉपवर आता विंडोज नाहीच, मग तेच मी त्याच्याच पोटात चालवलं तर बिघडलं कुठे, हा माझा युक्तिवाद मला आजही बरोबर वाटतो. पण करारात त्याला जागा नव्हती. ती पंचवीस अक्षरं मी तिथेच राहू दिली.

दादा एका कंपनीत सर्व्हर सांभाळतो. त्याला फोन केला.

"तुमच्याकडे एवढी विंडोज आहेत, एखादी की उरली असेल ना रे?"

"अगं, आमच्याकडे की उरत नसते. आमच्या मशीनमध्ये जी की असते ती सगळ्यांना माहीत असलेली, छापून जाहीर केलेली की आहे. तिला काही किंमत नाही."

हे मला नवीन होतं. मोठ्या कंपन्यांत केएमएस नावाचा एक सर्व्हर असतो. ॲक्टिव्हेट व्हायला, म्हणजे आपलं लायसन्स खरं असल्याची नोंद करायला, प्रत्येक विंडोज बाहेर मायक्रोसॉफ्टकडे न जाता त्याच सर्व्हरला विचारतं, की मी चालू का? तो १६८८ या पोर्टवर ऐकत बसलेला असतो आणि १८० दिवसांची मुभा देतो. मशीन दर सात दिवसांनी जाऊन ती मुभा ताजी करून घेतं. आणि किमान पंचवीस मशीनं विचारायला आल्याशिवाय तो सर्व्हर साध्या कॉम्प्युटरवरच्या विंडोजला हो म्हणत नाही. दादाचा एकदा इथेच मुखभंग झाला होता. एकाच मशीनच्या तीस नकला काढून त्याने चालू केल्या, तरी सर्व्हरची मोजणी एकवर अडलेली. नकलांमध्ये क्लायंटचा ओळखक्रमांकसुद्धा नकलून आला होता, त्यामुळे सर्व्हरच्या लेखी तीसही जण एकच होते. नक्कल काढण्याआधी मूळ मशीन सिसप्रेप नावाच्या विंडोजच्याच अवजाराने 'जनरलाइझ' करायचं, म्हणजे त्याची ओळख पुसायची असते, म्हणजे प्रत्येक नक्कल उठताना स्वतःचा नवा क्रमांक घेते. त्याची ती गोष्ट मी हसत ऐकली. पुढे तीच माझ्या कामाला येणार होती, पण उलटी होऊन.

"आणि आमच्या हायपर-व्हीच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअल मशीनच्या, होस्टवर तर गेस्टला वेगळं ॲक्टिव्हेट करावंच लागत नाही," दादा म्हणाला. "होस्टवर सर्व्हरची डेटासेंटर आवृत्ती असली की तो आपल्या पोटातल्यांना स्वतःच ॲक्टिव्हेट करतो. पण गेस्टसुद्धा विंडोज सर्व्हरच पाहिजे. तुझा स्कॅनर त्यात बसत नाही."

इंटरनेटवर फुकट ॲक्टिव्हेटर म्हणून जी पोतडी मिळते, त्यातली बरीचशी हाच केएमएस सर्व्हर तुमच्याच मशीनमध्ये खोटा उभा करते. चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद करा, अशी पहिली सूचना असते. घरात शिरण्याआधी कुत्रा बांधून ठेवा म्हणणाऱ्या पाहुण्याला मी आत घेत नाही.

तरी स्वस्ताचा मोह सुटला नव्हताच. एका विक्रेत्याकडे मूळ किमतीच्या अगदी थोड्या भागात प्रोची की मिळत होती. घेतली. टाकली. काही सेकंदांत ॲक्टिव्हेट झालं! मी दादाला स्क्रीनचा फोटो पाठवला. त्याने अभिनंदन केलं नाही, एवढंच लिहिलं, "एसएलएमजीआर डीएलआय करून बघ."

एसएलएमजीआर ही विंडोजमध्ये आधीपासूनच असलेली छोटी स्क्रिप्ट आहे आणि या सगळ्या प्रवासातलं माझं सगळ्यात आवडतं अवजार. सेटिंग्जच्या पानावर हिरवी खूण दिसते, पण ती काय सांगते? काहीच नाही. ही स्क्रिप्ट खरं काय ते सांगते. तिला 'डीएलआय' म्हटलं की लायसन्स कुठल्या वाटेने आलंय ते दाखवते, 'डीएलव्ही' म्हटलं की आणखी खोलात जाते, 'एक्सपीआर' म्हटलं की हे कायमचं आहे की मुदतीचं ते सांगते. माझ्या खिडकीत 'व्हॉल्यूम एमएके' असे शब्द आले. म्हणजे ही की कुठल्यातरी संस्थेला ठरावीक संख्येच्या मशीनसाठी एकगठ्ठा दिलेली होती आणि तिथून ती सुटी होऊन बाजारात आली होती. तिचा मूळ मालक कोण, मला माहीत नाही. त्यालाही माझा पत्ता नसेल.

काही आठवड्यांनी की रद्द झाली. स्क्रीनच्या उजव्या कोपऱ्यात खाली 'ॲक्टिव्हेट विंडोज' अशी फिकट अक्षरं आली. ती येतात तेव्हा फार काही बिघडत नाही, वॉलपेपर आणि रंग बदलता येत नाहीत इतकंच. पण ती अक्षरं सगळ्याच्या वर तरंगतात. स्कॅन करताना निगेटिव्हच्या कोपऱ्यातही तीच.

तेव्हा कुठे शहाणपण आलं आणि पूर्ण किंमत मोजून रिटेल लायसन्स घेतलं. रिटेलचं वैशिष्ट्य असं, की ते एका यंत्रावरून काढून दुसऱ्यावर नेता येतं. यंत्रासोबत आलेल्याला ती सोय नाही. व्हर्च्युअल मशीनसाठी मला तरी हेच योग्य वाटतं, कारण आज ना उद्या होस्ट बदलणारच. खरेदीआधी एक गोष्ट पाहून घ्या: आत टाकलेली आवृत्ती आणि कीची आवृत्ती. होममध्ये प्रोची की टाकली तर होमचं प्रो होतं, पण प्रोमध्ये होमची की टाकून खाली उतरता येत नाही.

आता तरी सुरळीत व्हावं ना? नाही. स्वस्तातल्या कीचा मागमूस नको म्हणून मी मशीन दोन महिन्यांपूर्वीच्या स्नॅपशॉटवर, म्हणजे तेव्हा जतन केलेल्या स्थितीवर, परत नेलं. नवी की टाकली, तर एरर आली, शेवट '२एफ८एफ'. मला वाटलं हीसुद्धा खोटीच निघाली की काय. पोटात गोळा आला. तासभर शोधल्यावर नजर सहज खालच्या घड्याळावर गेली. स्नॅपशॉट चालू मशीनचा होता, त्यामुळे ते उठलं ते दोन महिन्यांपूर्वीच्या तारखेतच उठलं. कुंभकर्णाला जागं करून एकदम कचेरीत पाठवण्यासारखं. तारीख चुकली की सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र जुळत नाही, आणि ॲक्टिव्हेशनचा सर्व्हर दाराशीही उभं करत नाही. घड्याळ बरोबर केलं, पुन्हा प्रयत्न केला, झालं. 'डीएलआय' मध्ये रिटेल. 'एक्सपीआर' म्हणालं, कायमचं.

त्याच वेळी लिबव्हर्टच्या फाइलमधलं घड्याळ मी यूटीसीवरून, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवरून, स्थानिक वेळेवर केलं. विंडोज हार्डवेअरच्या घड्याळात स्थानिक वेळ आहे असं धरून चालतं, लिनक्स बहुधा तिथे यूटीसी ठेवतं. गेस्टची वेळ सतत काही तास पुढे-मागे राहत असेल तर कारण बहुतेक हेच.

मग मी एक प्रयोग केला. गेस्टची डिस्क पूर्ण पुसली, विंडोज नव्याने टाकलं, की विचारली तेव्हा 'माझ्याकडे की नाही' म्हटलं, आवृत्ती प्रो निवडली. नेटला जोडल्यावर काही मिनिटांत ते आपोआप ॲक्टिव्हेट झालं. म्हणजे कीचं काम पहिल्या वेळेपुरतं होतं. त्यानंतर सर्व्हरकडे नोंद असते ती यंत्राच्या ओळखीची. मदरबोर्ड, डिस्क, नेटवर्क कार्ड अशा भागांच्या क्रमांकांतून विंडोज एक गोळाबेरीज काढतं आणि तिच्यावर लायसन्स बांधतं. २००१ मध्ये विंडोज एक्सपीबरोबर ही ॲक्टिव्हेशनची पद्धत घरोघरी आली, तेव्हा लोकांना धास्ती होती की कार्ड बदललं तरी कुलूप लागेल.

पण माझ्या मशीनला मदरबोर्ड आहे कुठे? हा प्रश्न मी तेव्हा विचारायला हवा होता. विचारला नाही. हिरव्या खुणेकडे पाहून मी स्कॅनिंगला लागले. पहिला डबा संपला. दरम्यान गेस्टची मेमरी दुप्पट केली, त्याने काही झालं नाही, त्यामुळे मी आणखीच निर्धास्त झाले.

मग नवा कॉम्प्युटर घेतला. जुन्यावरून गेस्टची डिस्क असलेली क्यूकाऊ२ फाइल, चाळीसेक जीबीची, नव्यावर आणली. नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च-मॅनेजर, म्हणजे लिबव्हर्टची मशीनं सांभाळायची खिडकी, उघडून 'आहे ती डिस्क वापरा' म्हटलं. विंडोज उठलं, सगळं जिथल्या तिथे. फक्त लॉगिनचा पिन चालेना, काहीतरी घडलंय आणि तुमचा पिन उपलब्ध नाही असं म्हणे. पासवर्ड टाकून आत गेले, तर कोपऱ्यात तीच फिकट अक्षरं. कारण दिलं होतं, यंत्राच्या हार्डवेअरमध्ये मोठा बदल झाला आहे.

ट्रबलशूटरमध्ये 'मी नुकतंच हार्डवेअर बदललं' असा पर्याय आहे. तो निवडला की तो मायक्रोसॉफ्ट अकाउंट मागतो आणि त्या अकाउंटला जोडलेल्या यंत्रांची यादी दाखवतो. त्यातलं आपलं निवडायचं, संपलं. माझ्या यादीत काहीच नव्हतं. मी पहिल्यापासून लोकल अकाउंट वापरत होते आणि लायसन्स कुठल्याच अकाउंटला जोडलं नव्हतं. ज्यांचं आज सुरळीत चाललंय त्यांनी आजच जोडून ठेवावं. बिघडल्यावर ते जोडता येत नाही.

उरला फोन. त्या वेळी फोनवरून ॲक्टिव्हेट करायची सोय होती. स्क्रीनवर इन्स्टॉलेशन आयडी येतो, सात-सात आकड्यांचे नऊ गट, एकूण त्रेसष्ट आकडे. ते फोनवर दाबायचे, मग पलीकडचा ध्वनिमुद्रित आवाज सहा-सहाच्या आठ गटांत अठ्ठेचाळीस आकडे सांगतो, ते विंडोजमध्ये भरायचे. मी कागदावर गट लिहून काढले, एकेक दाबत गेले. पाचव्या गटात चुकले, पुन्हा दाबला. नवव्या गटानंतर तो आवाज शांतपणे म्हणाला, विंडोजची ही प्रत किती कॉम्प्युटरवर आहे?

एक, असं दाबणार होते. बोट बटणावर होतं. आणि आठवलं, की जुन्या कॉम्प्युटरवर तेच मशीन अजून जसंच्या तसं पडलंय, बंद असलं तरी. मी डिस्कची नक्कल आणली होती, मूळ काढलं नव्हतं. मग खरं उत्तर एक की दोन? पलीकडे माणूस असता तर समजावून सांगता आलं असतं. यंत्राला समजावणार काय? मी फोन ठेवला. आधी जुनं मशीन काढून टाकू, मग पुन्हा फोन करू, असं ठरवलं.

जुना कॉम्प्युटर चालू केला आणि मशीन पुसण्याआधी, सवयीने, त्याची एक्सएमएल फाइल उघडून पाहिली. लिबव्हर्ट प्रत्येक मशीनची अशी फाइल ठेवतं, ईटीसीखालच्या लिबव्हर्टच्या फोल्डरमध्ये. डिस्क असते व्हारखाली, अगदी दुसरीकडे. मी नुसती डिस्क उचलून आणली होती. फाइलमध्ये वरच्या बाजूलाच यूयूआयडी, म्हणजे मशीनचा एकमेव ओळखक्रमांक, होता, बत्तीस अक्षरांचा. खाली नेटवर्क कार्डचा मॅक पत्ता, ५२:५४:०० ने सुरू होणारा. माझ्या मशीनचा मदरबोर्ड तो हाच. दोन-चार ओळी. गेस्टमधल्या विंडोजला फर्मवेअरमधून जो यंत्राचा क्रमांक दिसतो, तो हा यूयूआयडी असतो. नव्या कॉम्प्युटरवर व्हर्च-मॅनेजरने इमानदारीत नवा यूयूआयडी आणि नवा मॅक बनवून दिला होता. विंडोजचं म्हणणं शब्दशः खरं होतं: शरीर जुनं, ओळख नवी. दादाच्या तीस नकलांना वेगळी ओळख मिळाली नव्हती म्हणून अडलं, माझ्या एकुलत्या एकीला मिळाली म्हणून.

पिनचाही उलगडा झाला. त्या खोट्या टीपीएम चिपची साठवण वेगळ्या फोल्डरमध्ये असते आणि त्या फोल्डरचं नावच यूयूआयडी असतं. तेही मागेच राहिलं होतं.

मग क्रमाने केलं. जुन्यावरून एक्सएमएल, टीपीएमचं फोल्डर आणि यूईएफआयची (मशीन सुरू करणाऱ्या फर्मवेअरची) सेटिंग्ज ठेवणारी एनव्हीरॅम फाइल अशा तिन्ही गोष्टी आणल्या. आता जुन्या कॉम्प्युटरवरचं मशीन डिस्कसकट पुसलं. इथे थोडी छाती धडधडली, पण फोनवरच्या त्या आवाजाला मनातल्या मनात उत्तर द्यायचं होतं. नव्यावर मी केलेली व्याख्या काढायला गेले तर लिबव्हर्टने नकार दिला: यूईएफआयचं मशीन असेल तर एनव्हीरॅमचं काय करायचं ते सांगितल्याशिवाय ते काढू देत नाही. यूयूआयडी नुसता जागच्या जागी बदलूही देत नाही. सांगितलं, काढलं, जुन्या एक्सएमएलमधला डिस्कचा रस्ता बदलला आणि ती फाइल नव्याने दाखल केली.

मशीन सुरू केलं. पिन मागितला. टाकला, आत घेतलं. प्रोसेसर मात्र आता खरोखरच वेगळा होता, तेवढ्यावर अडेल का ही धाकधूक होती. एसएलएमजीआरला 'एटीओ' म्हटलं, म्हणजे आत्ता ॲक्टिव्हेट कर. एक छोटी खिडकी आली, यशस्वी झालं म्हणून. कोपऱ्यातली अक्षरं मात्र लगेच गेली नाहीत, एकदा रीस्टार्ट केल्यावर गेली.

त्याच दिवशी लायसन्स अकाउंटला जोडलं. एक्सएमएल आता डिस्कच्या शेजारीच बॅकअपमध्ये असते, आणि यूयूआयडी मी एका कागदावर लिहून निगेटिव्हच्या दुसऱ्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला आहे. त्याच कागदाच्या मागे ते त्रेसष्ट आकडे आहेत, पाचवा गट खोडून पुन्हा लिहिलेला. दुसऱ्या डब्यातल्या अजून अकरा पट्ट्या उरल्यात.